बियाण्याची तूर

आमच्या घरी तुरीची डाळ बडोद्याहून येते असं सांगितलं, की कोल्हापुरातली माणसं माझ्याकडे बघतच राहतात. डाळीसाठी गुजरात गाठायचं म्हणजे काय हे थेर! पण त्यांनी ती डाळ खाल्लेली नाही. कुकरमध्ये अशी मऊ होते की घोटावी लागत नाही, आणि नुसतं मीठ, हिंग, वर तूप घालून भातावर घेतली तरी माणूस पानावरून उठायचं नाव घेत नाही. माझ्या नणंदबाई विजयाताई बडोद्यात रावपुऱ्यात राहतात. लग्न करून तिकडे गेल्या त्याला आता जन्म लोटला. दर उन्हाळ्यात कुणा ना कुणाबरोबर त्या डाळीचा एक डबा धाडतात आणि आम्ही तो सणासुदीला पुरवून पुरवून खातो.

यंदा थंडीत त्यांचा फोन आला. "वहिनी, संक्रांतीला इकडेच या. तूर शेतात उभी आहे तोवर बघून जा. पुढच्या वर्षी ती असेल की नाही, काही खरं नाही."

खाण्याच्या बाबतीत मला फार आग्रह करावा लागत नाही. दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं. प्रवासाचं काही सांगत बसत नाही, कारण गाडीत बसलं की मी झोपते ती उतरायच्या वेळेलाच उठते.

रावपुरा

वन्संचं घर म्हणजे रावपुऱ्यातल्या गजबजाटात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खाली रिक्षा, स्कूटर, झेरॉक्सची दुकानं. वर गॅलरीत तुळस आणि उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली ही बाई घरात शुद्ध मराठी बोलते आणि दारावर भाजीवाला आला की एका श्वासात गुजराती होते. चाळीसेक वर्षांत दोन्हींची सरमिसळ झाली आहे ती त्यांना कळतही नाही. "वहिनी, आज शाक कसलं करू?" असं विचारतात आणि मी हसले की, "हसताय काय, भाजी म्हणा, चालेल ने!" म्हणतात.

पहिल्या सकाळी त्यांनी मला सेव उसळ खायला नेलं. कोल्हापूरच्या माणसाने परगावी जाऊन मिसळीशी तुलना करू नये, एवढी समज मला आहे. तरी केलीच. पांढऱ्या वाटाण्याची पातळ उसळ, वर मूठभर शेव, बाजूला लाल तिखट तर्रीचं भांडं. पाहिजे तेवढी घ्या. मी आपल्या ऐटीत दोन पळ्या घेतल्या आणि नाकाडोळ्यांतून पाणी आलं. गुजरातेत सगळं गोड असतं, हे मी इतकी वर्षं ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांची इथे माफी मागते.

दुपारी लहरीपुऱ्यातून हळदीकुंकवाचं वाण घेतलं आणि मांडवीपर्यंत चालत गेलो. मांडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. पतंग, फिरक्या, गुलाबी मांजा, त्यातून वाट काढणाऱ्या स्कूटर आणि त्या सगळ्यांवर ओरडणारे लोक. आमच्याकडे संक्रांत म्हणजे बायकांचा सण. इथे अख्खं शहर गच्चीवर जाऊन एकमेकांचे पतंग कापतं आणि उंधियू खातं. वन्सं दोन्ही करतात. सकाळी सुगडं पुजायची, दुपारी उंधियू हाणायचा. वाल, वांगी, रताळी, ओले दाणे असं सगळं एकत्र शिजवलेला उंधियू ही आपल्या भोगीच्या भाजीची जरा श्रीमंत घरात पडलेली बहीणच आहे, असं माझं मत झालं.

मातीची सुगडंही मांडवीतच घेतली. वन्संच्या सुगडांबरोबर रावपुऱ्यातल्या आणखी चार मराठी घरांचीही घेतली. सुगडात घालायचा ऊस, बोरं, हरभरा, ओल्या शेंगा मात्र बाजारातून घ्यायच्या नाहीत म्हणाल्या. "ते सगळं कोकिलाबेनच्या शेतातून आणू. पाची घरं भाजी तिच्याकडूनच घेतो."

पादऱ्याच्या रस्त्याने

कोकिलाबेनचं गाव बडोद्याबाहेर, पादरा म्हणून तालुक्याचं गाव आहे त्या बाजूला आहे. भाड्याच्या गाडीतून जाताना वन्संनी सगळी हकीकत सांगितली.

कोकिलाबेनने शेतात रासायनिक खत आणि औषध घालणं बंद केलं त्याला बरीच वर्षं झाली. सुरुवातीला पीक निम्म्यावर आलं, गाव हसलं. बाईने शेण, गोमूत्र, ताक, पालापाचोळा यांवर माती पुन्हा उभी केली. तेव्हापासून रावपुऱ्यातली ही पाच घरं दर आठवड्याला तिची भाजी घेतात आणि वर्षाची तूर, बाजरी तिच्याकडूनच भरतात. एकदा विश्वामित्रीला पूर येऊन शहर अडकलं, बाजार बंद पडले, तेव्हा पाणी ओसरताच या बाईने मुलाला ट्रॅक्टर घेऊन पाठवलं. भाजी, धान्य, दूध सगळं.

"मग आता अडलंय कुठे?" मी विचारलं.

"तुरीत. मर लागलीय. उभं झाड बघता बघता वाळतं. तीन वर्षं तेच चाललंय. तिचा हितेश म्हणतो, या शेतात पण केळी लावू. शेजारच्या शेतात त्याची केळी आहेतच, खत-औषधावर मस्त चाललीत. आई-मुलाचं ठरलंय आता. मरीतही जी झाडं टिकली, त्यांचं बी यंदा हाती आलं तर पुढच्या पावसाळ्यात शेत आईचं. नाही आलं तर केळी."

"बाजारातून बी आणायचं की दुसरं!"

"वहिनी, ही तूर तिच्या सासूच्या सासूपासूनची. बाजारात कुठली मिळायला? जी डाळ तुम्ही खाता ती हीच."

स्वतःच्या ताटातली गोष्ट निघाली की माणसाला लगेच समजतं.

कोकिलाबेन दारातच उभ्या होत्या. पासष्टीच्या, ठेंगण्या, डोक्यावर पदर, आवाज मात्र माळावरून हाक मारल्यासारखा. "आवो बेन, आवो! बेसो!" चहा झाला, बाजरीचे वडे झाले. त्यांची गुजराती मला अर्धीच कळत होती, माझी मराठी त्यांना पाऊण कळत होती, पण खाण्यापिण्याच्या गोष्टींवर आमचं एकदम जमलं. चुलीवर काहीतरी होतं म्हणून त्या घरीच थांबल्या आणि टोपली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "जोईए एटलुं लई लो." हवं तेवढं घ्या.

वन्सं हरभऱ्याकडे गेल्या. मी तुरीत शिरले.

शेत बघून वाईट वाटलं. निम्म्याहून जास्त झाडं काठीसारखी वाळली होती. काही अर्धवट हिरवी, त्यांवर तुरळक शेंगा. आणि मधूनमधून एखादं झाड असं काही टरारलेलं, शेंगांनी वाकलेलं, की नजर हटू नये. अशा प्रत्येक झाडाच्या बुंध्याला लाल दोरा बांधलेला होता. आपण वडाला बांधतो, देवळात हाताला बांधतात, तसाच.

आता मला सांगा, आपल्यातली कुठलीही बाई काय समजेल? लाल दोरा बांधला म्हणजे ते देवाचं. पिकातलं पहिलं, चांगलं ते देवासाठी राखायचं ही आपली रीत. आणि मी आलेली कशाला, तर सुगडं भरायला! मला इतकं भरून आलं, की या बाईने आमच्या पूजेसाठी झाडं राखून ठेवली. मी पदर खोचला आणि दोऱ्याचं झाड गाठून गाठून शेंगा तोडल्या. अर्धवट हिरव्या झाडांना हातसुद्धा लावला नाही. म्हटलं, ती बिचारी त्यांना खायला राहू देत. टोपली भरली तेव्हा उरलेल्या शेंगा पदरात घेतल्या. कामाला लागले की मी अर्धवट सोडत नाही.

कोकिलाबेनचं अंगण

टोपली मी मोठ्या दिमाखात अंगणात ठेवली. "बघा वन्सं, कशा टपोऱ्या आहेत! दोरा बांधलेल्या झाडांच्याच घेतल्या सगळ्या."

वन्संच्या हातातली हरभऱ्याची जुडी खाली पडली. "वहिनी! अहो, दोऱ्याची झाडं बियाण्याची!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. कोकिलाबेन चुलीपासून उठून आल्या. टोपलीत हात घातला, एक शेंग सोलली, दाणा नखाने दाबला. हिरवा, दुधाळ. चिरडून गेला. तो वाळवून बी होणार नव्हतं, हे मलाही दिसलं. मग त्या शेताकडे गेल्या आणि बऱ्याच वेळाने परत आल्या.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडायलाच लागले. "मला वाटलं देवाचं आहे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. वन्सं माझ्यावर चिडून बोलायला लागल्या, "अहो, विचारायचं तरी! तोंड एरवी बंद नसतं तुमचं!" आणि ते अगदी खरं होतं.

कोकिलाबेननी त्यांना थांबवलं. म्हणाल्या, दोऱ्याला इथे कुणी हात लावत नाही, लहान पोरसुद्धा नाही. त्यामुळे सांगायचं मला सुचलंच नाही. तुमच्याकडे दोरा देवाचा, आमच्याकडे बियाण्याचा. तुम्ही देवाचं म्हणून घेतलंत, चोरून नाही घेतलंत. "कंई वांधो नहीं."

वांधा नाही म्हणताना त्यांचा आवाज मात्र पहिल्यांदा बारीक झाला होता.

तेवढ्यात हितेश आला. तिशीतला, उंच, मोबाइलवर बोलतच. टोपली बघून त्याने फोन बंद केला. मला वाटलं, हा आता मनातून खूश होणार. शेत आपसूक त्याच्याकडे आलं होतं. तो आईशेजारी जमिनीवर बसला आणि कितीतरी वेळ शेंगा उलटसुलट करत राहिला. "बा, एकपण सुकी नथी?" एकही वाळलेली नाही?

कोकिलाबेननी नाही म्हणून मान हलवली.

त्यानंतर त्या बाईने काय करावं? शेंगा सोलायला घेतल्या. तोडलंय ते वाया घालवायचं नाही म्हणाल्या. सुगडांपुरत्या बाजूला काढल्या आणि बाकीच्या हिरव्या दाण्यांच्या, लीलव्याच्या, कचोऱ्या केल्या. आलं, हिरवी मिरची, तीळ, जरा लिंबू. वास असा सुटला की एरवी मी परवानगीशिवाय पहिली उचलली असती. त्या दिवशी एक कशीबशी संपवली. कोकिलाबेननी स्वतः माझ्या ताटात दुसरी वाढली आणि खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. इतकी चविष्ट आणि इतकी जड गोष्ट मी आजवर खाल्लेली नाही.

कचोरी खाताना हितेशच म्हणाला, "बा, ओल असली तर तुवेर परत फुलते ने?"

कोकिलाबेन म्हणाल्या, फुलते. पण जमिनीत ओल नाही. आणि फुललं तरी तोवर ऊन चढेल, अळी येईल. आलं तर आलं.

"पाणी मी आणतो," हितेश म्हणाला. "केळीला दोन-चार दिवस नाही मिळालं तर मरणार नाहीत."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी परतीचं तिकीट रद्द करायला लावलं.

पुन्हा पुन्हा पादऱ्याकडे

संक्रांत झाली. सुगडं पुजताना मला त्या शेंगांकडे बघवेना, पण पूजा केली. देवाला एवढंच सांगितलं, की तुझ्या नावावर घोळ झालाय, आता तूच निस्तर. हळदीकुंकवाला चारी घरच्या बायका आल्या तेव्हा वन्संनी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता माझी बडोदाभर फजिती होणार. थोडी झालीच. रेल्वेतून निवृत्त झालेल्या पाटीलबाई म्हणाल्या, "अहो, ही तूर गेली तर आमच्या आमटीचं काय? चला, आम्ही पण येतो."

हितेश केळीच्या विहिरीवरून ट्रॅक्टरवर टाकी भरून आणायचा. सगळ्या शेतात पाणी सोडलं तर मर आणखी पसरते, म्हणून फक्त दोऱ्याच्या झाडांना, तेही बुंध्यापासून हातभर लांब आळं करून, बादलीने घालायचं. त्यात कोकिलाबेन शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवलेलं पाणी थोडं थोडं मिसळायच्या. वासाबद्दल मी काही लिहीत नाही. पहिल्या दिवशी बादली उचलून माझे गुडघे बोलायला लागले, दुसऱ्या दिवशी मी आळ्यात पाय घसरून बसले आणि ट्रॅक्टरवरून हितेश म्हणाला, "मासी, झाडाला पाणी घाला, स्वतःला नको." मला मावशी म्हणणाऱ्या त्या पोराच्या अंगावर मी बादलीतलं उरलेलं पाणी फेकलं. तेव्हापासून आमची दोस्ती झाली.

एका दुपारी बांधावर बसून मी त्याला विचारलंच, "तुला केळी लावायचीत, मग हा खटाटोप कशाला?"

तो म्हणाला, "मासी, मला केळी लावायचीत, बाला हरवायचं नाही. बियाण्याची शर्त म्हणजे मुळात मरीपुढे झाडं टिकतात की नाही याची. झाडं टिकलीत. शेंगा तुम्ही तोडल्यात, मरीने नाही. मग मी जिंकलो कसा?"

मला या मुलाचं फार कौतुक वाटलं. त्याच्या शेतात खत-औषध घातलेली केळी पिकतात म्हणून मी त्याला मनातून नावं ठेवत होते, ती परत घेतली. आमच्याकडे उसाला पाणी कुणी किती घेतलं यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात.

आणि मग एका सकाळी कोकिलाबेननी मला हाताला धरून शेतात नेलं. दोऱ्याच्या एका झाडाच्या शेंड्याला, जिथून मी ओरबाडून शेंगा घेतल्या होत्या तिथेच, बारीक कळ्यांचा घोस होता. एक फूल उघडलेलं. पिवळं, पाठीवर तांबूस रेषा. मी इतक्या जोराने ओरडले की बांधावरचे बगळे उडाले. कोकिलाबेन तोंडाला पदर लावून हसत होत्या. जीव भांड्यात पडला म्हणतात तो काय, ते त्या दिवशी कळलं.

फूल बघून मी कोल्हापूरला परतले, पण मन तिकडेच. वन्संचे फोन येत. शेंगा धरल्या. मग अळी आली. औषध मारायचं नाही, त्यामुळे पाची घरच्या बायकांनी पाळ्या लावल्या. सकाळी जायचं, झाडाखाली जुनी साडी पसरायची, झाड हलवायचं आणि पडलेल्या अळ्या गोळा करून कोंबड्यांना घालायच्या. पाटीलबाई म्हणे अळीला हात लावताना डोळे मिटून घेतात आणि सगळ्या अळ्या निसटतात. ऐकून मी फोनवर हसत होते आणि तिथे नाही म्हणून चडफडत होते.

अंगणात पुन्हा एकदा

होळी होऊन गेल्यावर राहवलं नाही. पुन्हा गाडीत बसले. या खेपेला झोप आली नाही.

शेंगा वाळल्या होत्या. अंगणात ताडपत्री टाकून कोकिलाबेननी त्या काठीने बडवल्या, सुपाने पाखडल्या. तुकतुकीत, तांबूस दाणे खाली राहिले. पहिल्या बहरापेक्षा कमीच. सगळ्यांनी वाकून बघितलं. रावपुऱ्याच्या बायकाही आल्या होत्या.

हितेशने दाणे हाताने पसरले, पुन्हा गोळा केले, अंदाज घेतला. "अर्ध्या शेताला पुरेल."

"अने बाकीचं?" कोकिलाबेननी विचारलं.

"बाकी अर्ध्यात या वर्षी बाजरी. तुवेर वाढली की पुढे सगळं तुवेर." एवढं बोलून तो ट्रॅक्टरकडे बघत म्हणाला, "केळी आहेत तेवढी पुष्कळ."

वन्संनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. कोकिलाबेननी मुलाच्या केसांत अडकलेलं तुरीचं फोलपट काढून टाकलं.

मग त्यांनी दाण्यांत दोन्ही हात घातले, भरून ओंजळ उचलली आणि माझ्यासमोर आल्या. "पदर धरो, बेन."

मी मागे सरकले. "मला? नको, नको! अहो, मीच तर..."

"बा, आधीच ओछुं छे," हितेशही म्हणाला. मुळात कमी आहे.

त्या हटल्या नाहीत. माझ्यासाठी हळूहळू, शब्द वेगळे करून बोलल्या, आणि या वेळी मला सगळं कळलं. "एका शेतात होतं म्हणून एका पाहुणीने एका सकाळीत संपवलं. चूक तुमची नाही, माझी. इतकं जुनं बी मी एकाच ठिकाणी ठेवलं. आता तुमच्या गावात पण राहील. उद्या माझं शेत मरीने जाईल, पुराने जाईल, कशानेही जाईल. तेव्हा मी तुमच्या दारात मागायला येईन. द्याल ने?"

आजवर मी खूप ठिकाणी खाल्लं, खूप जणांकडून डबे भरून आणले. पण माझ्याकडे कुणी कधी मागायला येईल, असं काही मी कधी राखून ठेवलं नव्हतं. मी पदर पसरला. "देईन," म्हणाले आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळे नव्हते.

कोल्हापुरात उतरल्यावर मी आधी घरी गेले नाही. दिरांच्या मळ्यावर गेले आणि उसाच्या बाजूची चांगल्या निचऱ्याची एक पट्टी मागितली. भाऊजी म्हणाले, विचार करून सांगतो. मी म्हटलं, विचार करा खुशाल, तोवर मी दगड वेचायला लागते.